न उचललेला भंडारा

कपिलधार,
मार्च २०१३, दुपार

प्रिय वत्सला,

हातानं पत्ता घातलेलं पाकीट बघून घाबरू नकोस. आपल्या वयात असं काही दारात आलं की आधी कोण गेलं हेच मनात येतं. कुणी गेलेलं नाही. मी निघाले तेव्हा घरी आमचे जालिंदर बरे होते. आत्ता कसे आहेत ते मला माहीत नाही, कारण माझा फोन माझ्याकडे नाही. तो तुझ्या भाच्याच्या पिशवीत आहे, बाकीच्या सगळ्यांच्या फोनांबरोबर, आणि ती पिशवी तो उशाला घेऊन झोपतो. आपल्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनची निवड उद्या आहे. तुझा भाऊ मोहन उभा आहे, समोर बद्रीनाथ आहे, आणि आम्ही मोहनच्या बाजूचे संचालक सध्या 'सहली'वर आहोत. म्हणजे निवडून आलेल्या जाणत्या माणसांना समोरच्या पार्टीनं फोडू नये म्हणून गाडीत घालायचं, गावोगाव फिरवायचं, दोन्ही वेळा पोटभर जेवू घालायचं आणि मतदानाच्या वेळेला थेट दारात नेऊन उतरवायचं. आपल्या लहानपणी बैल बाजाराला नेताना अशी बडदास्त ठेवायचे.

आमचं तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, गाणगापूर झालं. मी कुठल्याच देवळात गेले नाही, बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखल्या. आता इथं कपिलधारला एका धर्मशाळेत उतरलो आहोत, उद्या सकाळी इथून निघून गावात. आम्ही सात आहोत आणि बद्रीनाथकडे सहा, म्हणून ही सगळी काळजी. त्याचे सहा जणही म्हणे कोकणात कुठल्यातरी समुद्राकाठी असेच फोनाविना बसलेत. जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, आणि दूध संस्थेची अर्धी कार्यकारिणी समुद्रात पाय बुडवून बसली आहे. कुणी गोष्ट म्हणून सांगितली असती तर मी वर्गात उभं केलं असतं त्याला.

आमच्यात चतुराबाई आहे, महिलांच्या जागेवरची. तिचा नवरा तिची बॅग उचलायला म्हणून सोबत आला आहे आणि तिच्याऐवजी बोलतो. चतुराबाई, तुमचं काय मत, असं विचारलं की ती नवऱ्याकडे बघते आणि नवरा मोहनरावांकडे बघतो. बायकांना जागा दिल्या ते योग्यच झालं, पण जागेबरोबर खुर्चीही द्यायला हवी होती, आणि नवऱ्यांना उंबऱ्याबाहेर एक सतरंजी. शहादेव आहे, तो तर तुझ्या माहेरच्या ओसरीवरच वाढला. दिवसभर तंबाखू मळतो आणि मोहन हसला की हसतो. सगळ्यांचे कपडे मात्र रोज पांढरेशुभ्र, कडक घडीचे. आमच्या वस्तीत बाया धुण्याचं पाणी भांड्याला वापरतात आणि भांड्याचं म्हशीला पाजतात. हे लोक आपले कपडे धुतात कुठं, हा प्रश्न विधानसभेत कुणीतरी विचारायला पाहिजे.

तू म्हणशील, अंजना, तुला सगळ्यांत खोटच दिसते. दिसते. मी जुन्या मताची बाई आहे, आणि आता बदलायचं वय नाही. लग्नात उभ्यानं जेवणं मला आवडत नाही. नातवाचा वाढदिवस सुरी हातात देऊन करणं मला आवडत नाही. चौकाचौकात मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या वाढदिवसाचे फलक लागतात, त्याखाली वीस 'शुभेच्छुक', त्यांतल्या एकालाही शुभेच्छुक हा शब्द ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिता येणार नाही. पुढच्या महिन्यात जयंती आहे, आणि आमच्याच पोरांनी छातीत धडधडेल असा डीजे ठरवला आहे. मी म्हटलं, ज्या माणसानं आयुष्यभर वाचलं त्याच्या नावानं एवढा आवाज का? तर म्हणाले, "बाई, तुमी लई जुन्या हाव." बहात्तरच्या दुष्काळात आमच्या माणसांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि संध्याकाळी हात धुऊन गप बसली. आता टँकर आला तरी त्याच्यापुढं उभं राहून फोटो, आणि टँकरवर आधीच कुणाचा तरी फोटो. छावणी जनावरांसाठी काढली हे सरकारनं चांगलं केलं, पण जनावरांच्या मागं माणसंही छावणीतच राहायला गेलीत आणि दिवसभर पत्ते कुटतात. आणि सगळ्यांत काय आवडत नाही, तर आज ह्या पक्षात, उद्या त्या पक्षात. अशा माणसांविषयी तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी किती बोलले आहे ते तुला ठाऊक आहे. तू पोळ्या लाटत ऐकायचीस आणि म्हणायचीस, आता पुरे, तव्यावरचीही करपली. हे सगळं तुला आज मुद्दाम आठवून देते आहे.

घराची काळजी लागून राहिली आहे. तू दिवाळीनंतर गावात आली नाहीस, त्यामुळे तुला कल्पना येणार नाही. तुमच्या माहेरच्या विहिरीत आता गाळ दिसतो. वरच्या आळीतल्या आडात टँकर रिकामा करतात, आणि तो कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. आमच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन तिथं पोचेपर्यंत वरची आळी भरून घेते आणि आमच्या वाट्याला तळातलं गढूळ येतं. कुणी मुद्दाम करतं असं म्हणत नाही, लांब राहणाऱ्याला उशीरच होतो. अख्ख्या गावात पाणी आहे ते एकाच ठिकाणी, दूध संस्थेच्या बोअरला. संस्थेचं ऑफिस आमच्या वस्तीला लागून आहे, कारण ऑफिस बांधलं तेव्हा ती जागा कुणाला नको होती. आता सगळ्यांना हवी आहे. पहाटेपासून रांग असते. मी निघाले त्या दिवशी बोअर दम खात होता. थोडं पाणी, मग नुसती हवा, मग पुन्हा पाणी. जालिंदर गुडघ्याला पट्टा बांधून रांगेत उभे होते. मला म्हणाले, "बोलताना आवाज बारीक ठेव." एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसानं मला आवाज बारीक ठेवायला सांगावं! पण त्यांना काळजी वाटत होती ते मला कळलं, आणि आता इथं काही कळायला मार्ग नाही, म्हणून तेच वाक्य सारखं डोक्यात फिरतं.

निघायच्या आधी मोहनच्या अंगणात काय झालं ते सांगते. पितळेच्या ताटात बेलाची पानं आणि भंडारा ठेवला होता. एकेकानं पुढं यायचं, बेलभंडारा उचलायचा आणि म्हणायचं की माझं मत मोहनरावांनाच. शहादेवानं उचलला, चतुराबाईनं उचलला, तिच्या नवऱ्यानं मत नसतानाही उचलला. ताट माझ्यापुढं आलं. मी म्हटलं, मी उचलणार नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या मी मोडत नाही. शहादेव म्हणाला, "मंग बाईचं काय धरायचं? समद्यांनी उचलला आन् बाईंनी न्हाई, हे कसं जमंल?" तेव्हा मोहन उठला. पांढरे कपडे सावरत, सगळ्यांकडे बघत म्हणाला, "बाईंचा शब्द हाय. आमच्या आक्काची मैत्रीण हाय ती. मला साळंत शिकवलंय त्यांनी. त्यांचा शब्द बेलभंडाऱ्याच्या वर हाय, काय समजला?" आणि मला म्हणाला, "बाई, द्या शब्द." मी दिला. खरं सांगते वत्सला, बरं वाटलं. ज्या अंगणात माझी आई उंबऱ्याबाहेर उभी राहायची, त्याच अंगणात माझा नुसता शब्द सगळ्यांच्या शपथेच्या वर मोजला गेला. मला वाटलं, शिकल्याचं सार्थक झालं.

मी मोहनला शब्द का दिला हे तुला वेगळं सांगायला हवं का? बद्रीनाथ मला कधीच आवडला नाही. तो अंगावर ओरडतो, बायकांपुढं शिव्या देतो, आणि मीटिंगला आला की आधी चहा मागतो आणि मग विषय विचारतो. मोहन गोड बोलतो, वेळेवर येतो. पण हे वरवरचं झालं. खरं कारण तू आहेस. औरंगाबादच्या वसतिगृहात आपण दोघी आपल्या गावच्या म्हणून एका खोलीत आलो, तेव्हा पहिल्या दिवशी तू माझ्या ट्रंकेवर बसून विचारलंस, "तू रात्री घोरत तर नाहीस ना?" मी आयुष्यभर ज्या प्रश्नाची तयारी करून आले होते तो प्रश्न तू विचारलाच नाहीस. आणि बहात्तरच्या उन्हाळ्यात तू स्वतः रहाटावर उभी राहून माझ्या आईच्या घागरी भरल्यास, दिवसामागून दिवस. तुझ्या आई, छबुबाईकाकू, ओसरीवरून ओरडायच्या, "अगं वत्सले, हाताला फोड येतील, उद्या पाव्हणे यायचेत बघायला!" त्यांनी फोडांचं नाव घेतलं, दुसऱ्या कशाचं घेतलं नाही. ते त्यांचं मोठेपण. माझी आई भिमाबाई जाईपर्यंत म्हणायची की त्या पोरीचं कधी वाईट चिंतू नका. छोटा मोहन तेव्हा तुझ्या पायात घुटमळायचा आणि सांडलेल्या पाण्यात नाचायचा. त्याच्याविरुद्ध माझं बोट कसं उठावं?

आता पुढचं. गाणगापूरहून परत येताना गाडीत सगळे पेंगत होते. मी मागच्या सीटवर डोळे मिटून होते, झोपले नव्हते. म्हातारी बाई डोळे मिटून बसली की लोक तिला झोपलेली धरतात. शहादेव पुढं वाकून म्हणाला, "आण्णा, पाइप उतरले म्हणं शेतात. चर कवा मारायची? निघायच्या आदी गेलतो तिकडं, जागा आखलेली दिसली." मोहन म्हणाला, "गप बे. आदी चेअरमन होऊ दे." आणि मग दोघं हळू आवाजात बोलत राहिले. छावणी संस्थेच्या मैदानातून उठवून मोहनच्या मळ्यात न्यायची. संस्थेच्या बोअरवर मोठी मोटार बसवून पाइपानं सगळं पाणी तिकडं घ्यायचं. बोअरच्या खोलीला कुलूप.

पुढच्या चहाच्या टपरीवर मी मोहनला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं. तो खोटं बोलला नाही, हे तुझ्या भावाच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. उलट समजावून सांगू लागला. "बाई, बोअर कुणाचा? संस्थेचा. संस्था कशाची? दुधाची. दूध कोण देतं? जनावर. मंग पाणी कुणाला? तुमीच शिकवलंय आमाला, पायरी-पायरीनं उत्तर काढायचं. माणसाला टँकर हाय. मुक्या जनावराला कोण हाय?" मी म्हटलं, जनावरं आत्ता आहेत तिथंच पाणी पितात, आणि त्याच बोअरवर वस्तीही पिते. मळ्यात नेलंस की वस्तीनं काय करायचं? तो म्हणाला, "एक वरीस कळ काढा की. पाऊस झाला की बघू." जनावरं जगायला हवीत हे मलाही मान्य आहे, माझ्या गोठ्यातही दोन म्हशी आहेत. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ असतं तर मला सोपं गेलं असतं. पण शेवटी त्यानं आवाज खाली केला आणि मला 'बाई' ऐवजी 'आक्का' म्हणाला. "आक्का, तुमच्या घराला मी येगळी नळी देतो. कुणाला बोलू नका. फकस्त तुमच्या घराला." मी चहाचा कप तिथंच ठेवला. त्यात निम्मा चहा तसाच होता, आणि मी अन्न टाकत नाही हे तुला माहीत आहे.

तिथून इथपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. सगळ्यांना वाटलं मला गाडी लागली. चतुराबाईनं लिंबू आणून दिलं. चांगली बाई आहे, नवरा जवळ नसला की.

काल संध्याकाळी सगळे धबधब्याकडे गेले. तू पाहिलेली धार विसर. यंदा तिथं कातळावर ओल आहे, आणि त्या ओलीतून काय ठिबकतं तेवढंच. खाली बसून शहादेवाची टिंगल चालली होती. मागं एकदा कुठल्यातरी निवडणुकीत त्यानं दोन्ही पार्ट्यांचा भंडारा उचलला होता, आणि मग एका पार्टीचा इथं येऊन, धारेखाली हात धुऊन, सोडवून घेतला होता. हे शास्त्र त्यानंच काढलं असणार. चतुराबाईचा नवरा म्हणाला, "शहादू, औंदा फुटायचा इच्यार करू नको. धारंला पाणीच न्हाई, सुटशील कसा?" शहादेव म्हणाला, "तांब्यानं घेतलं तरी चालतंय. देवाला कळतंय दुष्काळ हाय." सगळे पोट धरून हसले. मग तो माझ्याकडे वळला. "बाईंचं बरंय बगा. त्यांनी काय उचललंच न्हाई. त्यांना धुवायचं कामच न्हाई." पुन्हा हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. आणि हसता हसता लक्षात आलं. ज्यांनी शपथ घेतली त्यांच्याजवळ सुटायची वाट आहे, तांब्याभर पाण्याची का असेना. मी काही उचललं नाही म्हणून माझ्याजवळ सुटायचं साधनच नाही. नुसता शब्द कुठल्या पाण्यानं धुवायचा? तो ज्याला दिला त्याच्या तोंडावरच परत करावा लागतो. मला एवढी एकच रीत माहीत आहे.

मी पळवाटा शोधल्या नाहीत असं समजू नकोस. मत न देता आजारी पडावं असं वाटलं. मग सहा-सहा होतील आणि चिठ्ठी टाकतील, आणि अख्ख्या वस्तीचं पाणी मी चिठ्ठीवर सोडल्यासारखं होईल. दुसरी वाट अजून सोपी आहे. मतदान गुप्त आहे. मी आत जाऊन बद्रीनाथला मत द्यावं, बाहेर येऊन मोहनबरोबर कपाळाला हात लावावा. संशय शहादेवावर जाईल, त्याची कीर्तीच तशी आहे. आयुष्यभर पक्ष बदलणाऱ्यांना नावं ठेवली, आता त्यांच्या रांगेत बसायची वेळ आली तर निदान त्यांच्यासारखं चोरून तरी बसायचं नाही, एवढंच मी ठरवलं. बद्रीनाथ काही संत नाही. तो छावणी हलवणार नाही, कारण मैदानासमोर त्याची पेंडीची आणि चहाची दुकानं आहेत आणि गर्दी तिथंच राहायला त्याला हवी आहे. त्याच्या स्वार्थामुळे बोअर आहे तिथं उघडा राहील. असल्या कारणासाठी असल्या माणसाला मत द्यावं लागणं ही मला शिक्षाच वाटते. तो उद्या जिंकला तर माझ्यापुढं पेढा धरेल आणि मला तो खावा लागेल.

भीती वाटते, वत्सला. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. दूध मोजायला मोहनचा माणूस बसतो. परवापासून आमच्या वस्तीच्या दुधाला फॅट बसत नाही असं तो म्हणाला की कॅन परत. काही बाया मोहनच्या मळ्यात खुरपायला जातात, त्यांना सांगतील की यंदा काम नाही. पाणी राहील आणि बाकीचं जाईल, आणि म्हणतील की अंजनाबाईच्या तत्त्वापायी गेलं. काल वस्तीतल्या एकेकीचा चेहरा डोळ्यांपुढं आणून मी मनातल्या मनात विचारलं, काय करू? त्यांना विचारायला माझ्याजवळ फोनही नाही. मग वाटलं, त्या काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणतील, बाई, दुधाचं पुढं बघू, आधी प्यायला तर असू दे. तरी अक्षर वाकडं झालं आहे ते म्हातारपणामुळं नाही.

रामहरी ड्रायव्हर आता डिझेल भरायला बीडला निघतो आहे. तुझं घर त्याला माहीत आहे, आणि तो हे पाकीट कुणाला न दाखवता तुझ्या हातात देईल, कारण मी त्याला पहिलीत अक्षरं गिरवायला लावली आहेत आणि तो अजून मला भितो. त्याची गाडी फाटकाबाहेर गेली की मी खाली जाणार आहे. मोहन अंगणात बाजेवर बसला आहे, मला इथून दिसतो. मी त्याला सगळ्यांसमोर सांगणार आहे की मी दिलेला शब्द परत घेते आणि उद्या माझं मत बद्रीनाथला. त्याला एक रात्र आधी कळायला हवं, तेवढा त्याचा हक्क आहे. समोरच्या सहा जणांना फोडायचं म्हटलं तरी त्यांचेही फोन बंद आहेत, हे त्यानंच शिकवलेलं राजकारण. मला इथून जा म्हणाला तर मी मांजरसुंब्यापर्यंत चालत जाईन आणि तिथून गावाकडं जाणारी चौसाळ्याची एसटी धरीन. पण त्याला सांगायच्या आधी तुला सांगायचं होतं, म्हणून हे सगळं लिहिलं. उद्या मतदान झालं की तो तुझ्याकडे येईल. दुखलं की तो बायकोकडे जात नाही, तुझ्याकडे येतो. तो माझ्याविषयी जे बोलेल त्यातलं शब्द मोडला एवढं खरं धर, आणि तेवढ्यासाठी मला जे बोलायचं ते बोल. माझी बाजू त्याच्यापुढं घेऊ नकोस. तो तुझा भाऊ आहे, आणि ह्या वयात तुला माहेर हवं. त्याला आधी जेवू घाल, मग बोलू दे. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी येऊन राहणार असं आपलं ठरलं होतं. तू येऊ नकोस असं कळवलंस तर येणार नाही, आणि कधी कारणही विचारणार नाही. काहीच कळवलं नाहीस, तर मी येईन.

तुझीच,
अंजना